शनिवार तळघरात

मे २०२५ मध्ये लुइझियानातलं नॉटोवे जळालं. उसाच्या मळ्याच्या मालकाने १८५९ मध्ये बांधून पुरा केलेला, सुमारे ५३ हजार चौरस फुटांचा पांढराशुभ्र वाडा. यादवी युद्धापूर्वीच्या मळेवाल्यांच्या वाड्यांत उरलेला सगळ्यात मोठा. अलीकडे त्याचं रिसॉर्ट झालं होतं, तिथे लग्नं लागायची. आग पुरती विझायच्या आत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, एवढी देखणी वास्तू गेली, आता तरी गुलामगिरीचं तुणतुणं थांबवा. दुसऱ्या बाजूने जळत्या खांबांच्या चित्रफिती आनंदाने एकमेकांना पाठवल्या. दोघांनी एकमेकांना यथेच्छ सुनावलं. ते घर कुणी बांधलं, कसं बांधलं, त्यात काय कुठे होतं, याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

हाच वाद व्हर्जिनियातल्या मॉन्टिचेलोबद्दल गेली काही वर्षं चालू आहे आणि तिथे तो जास्त बोचतो, कारण ते घर थॉमस जेफरसनचं. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा, देशाचा तिसरा अध्यक्ष, आणि वर उत्तम स्थापत्यकार. २०२२च्या उन्हाळ्यात तिथल्या मांडणीवर जोरदार टीका झाली: लोक घर बघायला येतात आणि त्यांना गुलामांच्या गोष्टी ऐकवल्या जातात, स्थापत्य बाजूलाच राहतं. वॉशिंग्टनच्या आसपास राहणारी आपली मराठी मंडळी देशातून आलेल्या आईबाबांना दोन-अडीच तास गाडी हाकून शार्लट्सव्हिलला नेतात, डोंगरावरचं ते घर दाखवतात, आणि परतीच्या वाटेवर गाडीत हाच वाद रंगतो. मी तो मागच्या सीटवरून ऐकलेला आहे. तो फार वाईट पद्धतीने घातला जातो, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगतो. स्थापत्य एकीकडे आणि गुलामगिरी दुसरीकडे, ही विभागणीच खोटी आहे. ‘स्थापत्याबद्दल बोला’ म्हणणाऱ्यांना मॉन्टिचेलोचं स्थापत्य कळलेलं नाही, आणि ‘जळू दे’ म्हणणाऱ्यांनाही नाही. नीतिअनीती क्षणभर खुंटीला टांगून ठेवली, निव्वळ विटा, जिने, दारं आणि गच्च्या बघितल्या, तरी गुलामांचा उल्लेख टाळून या घराच्या नकाशाचा अर्थ लावता येत नाही.

जेफरसनने १७६८ मध्ये वडिलांकडून आलेल्या जमिनीवरचा डोंगरमाथा सपाट करायला घेतला आणि पुढच्या वर्षी बांधकाम काढलं. ‘लग्न पाहावे करून, घर पाहावे बांधून’ असं आपण म्हणतो. या गृहस्थाने दोन्ही एकदमच केलं. १ जानेवारी १७७२ला लग्न झालं आणि नवी नवरी बर्फातून आली ती एका खोलीच्या छोट्याशा इमारतीत, जिच्या खाली स्वयंपाकघर होतं. बायको १७८२ मध्ये गेली, घर तेव्हाही अपुरंच होतं. मग तो १७८४ ते १७८९ अमेरिकेचा दूत म्हणून फ्रान्सला राहिला, पॅरिसमधली ओतेल द साल्म ही हवेली जवळजवळ रोज बघायला जाऊन बसायचा, त्या इमारतीवर आपण पार भाळलो आहोत असं त्याने पत्रात लिहिलं. परतल्यावर १७९६ पासून जुनं घर बरंचसं पाडून जवळजवळ दुप्पट केलं. १८०० मध्ये अष्टकोनी घुमट चढला. अमेरिकेतल्या राहत्या घरावरचा तो पहिला मानतात. सगळं मिळून काम संपायला १८०९ उजाडलं. चाळीस वर्षं. कुठल्याही घरमालकाला कंत्राटदाराच्या नावाने बोटं मोडायला एवढा काळ पुरेसा आहे, पण इथे कंत्राटदार तोच होता.

या घराची खरी करामत लपवण्यात आहे. बाहेरून बघितलं तर एकमजली वाटतं, आत तीन मजले आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या बाहेरून एकच उंच खिडकी दिसावी अशा बेताने जुळवल्या आहेत, त्यामुळे वरच्या खोल्यांत खिडकी जमिनीलगत येते आणि बाहेर डोकवायचं तर बसावं लागतं. भव्य जिना कुठेच नाही. जिने आहेत ते कोपऱ्यांत दडवलेले, जेमतेम दोन फूट रुंद, आणि इतके चढे की त्या प्रसिद्ध घुमटाखालची खोली पिवळा रंग आणि हिरवी जमीन असा साजशृंगार होऊनही फारशी वापरातच आली नाही.

आता जेवणघरात चला. शेकोटीच्या दोन्ही अंगांना लाकडी पटलामागे अरुंद पाळणे आहेत. दोर ओढला की खालच्या मद्यकोठारातून बाटली वर येते. एका बाजूला एक दार आहे, ते मधल्या खुंट्यावर फिरतं आणि त्याच्या पाठीला फळ्या आहेत. ताटं बाहेरून फळ्यांवर ठेवायची, दार फिरवायचं, जेवण आत आणि वाढणारा बाहेर. प्रवासी या दाराला हमखास ‘वा, काय डोकं!’ म्हणतात. डोकं खरंच आहे. पण ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतं? समकालीन लेखिका मार्गारेट बेयर्ड स्मिथ यांनी जेफरसनच्या अशा सोयींमागचं कारण नोंदवून ठेवलं आहे: टेबलावरचं मोकळं बोलणं वाढपी ऐकतात आणि बाहेर भलतंच करून सांगतात, अशी जेफरसनला धास्ती होती. म्हणजे ते फिरतं दार कान बंद करण्याचं यंत्र होतं, आणि ज्यांचे कान बंद करायचे होते ती माणसं त्याची स्वतःची मालमत्ता होती. एवढं सांगितलं नाही तर त्या दाराचं काय सांगाल? बिजागरीची कंपनी?

याहून मोठी गोष्ट घराच्या बाहेर आहे. जेफरसनचा गुरू म्हणजे सोळाव्या शतकातला इटालियन स्थापत्यकार पल्लाडिओ. पल्लाडिओच्या ग्रामीण हवेल्यांत मधे मालकाचं घर आणि दोन्ही बाजूंना कमानींच्या ओसऱ्या पसरलेल्या असतात, त्यांत धान्य, गाडे, गुरं, कामाची माणसं, सगळं उजळ माथ्याने समोर. जेफरसनने हाच आराखडा घेतला आणि त्या बाजू डोंगराच्या उतारात खाली दाबल्या. त्यांची छपरं झाली फिरायच्या गच्च्या. हिरवळीवर उभं राहिलं तर स्वयंपाकघर, दुधघर, मांस धुरावायची खोली, बर्फाचं कोठार, नोकरांच्या खोल्या, यातलं काहीही दिसत नाही. दिसतो तो घुमट आणि निळे डोंगर. स्वयंपाकघर दक्षिणेच्या गच्चीखाली, जेवणघर उत्तरेला. म्हणजे ईडिथ फॉसेट या गुलाम स्वयंपाकिणीने रांधलेलं फ्रेंच पद्धतीचं जेवण आधी गच्चीखालून, मग अख्ख्या घराच्या पोटातून जाणाऱ्या बोळातून, मग अरुंद जिन्याने वर, आणि शेवटी त्या फिरत्या दाराशी पोचायचं. हा पल्लाडिओवरचा जेफरसनचा सगळ्यात मौलिक बदल. स्थापत्याच्या कुठल्याही वर्गात तो शिकवावा लागेल. आणि तो बदल का केला हे सांगायला गेलं की ‘राजकारण आणू नका’?

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिना असतो. तो सफाई कामगारांसाठी, त्यांनी पुढच्या दाराने येऊ नये म्हणून. पुढच्या कमानीवरची नक्षी बघायची आणि मागच्या जिन्याकडे पाठ फिरवायची, याला आपण स्थापत्याचा अभ्यास म्हणू का?

आता समोरच्यांची बाजू, कारण ती पोकळ नाही. पहिला मुद्दा असा की मॉन्टिचेलो १९८७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते जेफरसनच्या स्थापत्यासाठी, त्यानेच आखलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठासोबत. १९३८ मध्ये हेच घर पाच सेंटच्या नाण्यावर आलं. मळे दक्षिणेत हजारो होते, गुलाम सगळीकडे होते. घुमट आणि जाहीरनामा लिहिणारा मालक इथेच होता. तर इथे येऊन वेगळेपणाबद्दल ऐकावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. हे मी मान्य करतो. वाटाड्याने तासभर नुसता उपदेश केला आणि घुमटाकडे बोटही दाखवलं नाही, तर ती वाईट फेरीच. पण त्यावरचा उपाय गुलामांना वगळणं हा नाही, घुमट कुणाच्या हातांनी चढला ते सांगणं हा आहे. विटा त्याच डोंगरावर भाजल्या. खिळे १७९४ पासून घराजवळच्या मलबेरी रो या रस्त्यावरच्या कारखान्यात बनले. दहा ते सोळा वर्षांची गुलाम पोरं दिवसाला आठ ते दहा हजार खिळे ठोकत, आणि कुठल्या पोराने किती लोखंड वाया घालवलं याचा हिशेब मालक स्वतः ठेवायचा. आतलं नाजूक लाकूडकाम जेम्स डिन्समोरसारख्या आयर्लंडहून आलेल्या कारागिरांचं, आणि त्यांच्या हाताखाली तयार होऊन पुढे सुतारशाळेचा प्रमुख झालेल्या जॉन हेमिंग्जचं. हा गुलाम होता, लिहायला-वाचायला शिकला होता, आणि जेफरसनची शवपेटीही त्यानेच केली. ओतेल द साल्मवर भाळणारा मनुष्य आणि त्या भाळण्याला रंधा मारून आकार देणारा मनुष्य, दोघांपैकी एकालाच स्थापत्यात जागा का?

दुसरा मुद्दा नेहमीचा: त्या काळी सगळेच तसे होते, आजच्या फूटपट्टीने मोजू नका. मलाही हा इशारा एरवी पटतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसावर आजचा राग काढणं सोपं असतं, आणि राग काढणाऱ्याला त्यात स्वतःबद्दल बरं वाटतं. म्हणून आजची फूटपट्टी ठेवू बाजूला, त्याच काळाची घेऊ. व्हर्जिनियाने १७८२ मध्ये मालकांना गुलाम मुक्त करायची परवानगी दिली. रॉबर्ट कार्टर या व्हर्जिनियातल्याच बड्या जमीनदाराने १७९१ मध्ये दस्तऐवज करून साडेचारशेहून अधिक गुलामांच्या मुक्तीची सोय केली. वॉशिंग्टनने १७९९च्या मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मोकळं करायचं लिहिलं. एडवर्ड कोल्स या तरुण शेजाऱ्याने १८१४ मध्ये जेफरसनला पत्र लिहून मुक्तीच्या कामात पुढे व्हा म्हणून विनवलं. जेफरसनने माझं वय झालं असं कळवलं. कोल्स १८१९ मध्ये आपल्या गुलामांना घेऊन निघाला, वाटेतच त्यांना मुक्त केलं, आणि पुढे इलिनॉयचा गव्हर्नर झाला. जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. जिवंतपणी त्याने दोघांना मुक्त केलं, मृत्युपत्राने पाच जणांना. ही फूटपट्टी त्याच्या शेजाऱ्यांची आहे, आपली नाही. आणि ही गुलामगिरी वाईट आहे हे न कळणाऱ्याची गोष्ट नाही. त्याने स्वतः तिचा निषेध लिहिलेला आहे. तीच माणसं १७९६ मध्ये डच सावकारांकडून पैसे उचलताना त्याने तारण म्हणून ठेवली. घराचा नवा आराखडा त्याच वर्षी कामाला लागला होता.

तिसरा मुद्दा मात्र मला सगळ्यात चलाख वाटतो, कारण तो साळसूद दिसतो: पूर्वी फक्त इतिहास सांगायचे, आता त्यात राजकारण शिरलं. पूर्वी म्हणजे कधी? जेफरसनच्या मृत्यूनंतर घर विकलं गेलं आणि १८३४ मध्ये ते युरायाह लेव्ही या ज्यू नौदल अधिकाऱ्याने घेतलं. जेफरसनने धर्मस्वातंत्र्याचा कायदा लिहिला, म्हणून या माणसाला त्याच्याबद्दल अपार आदर. पडायला आलेलं घर त्याने आणि पुढे त्याच्या पुतण्याने सावरलं. लेव्ही घराण्याकडे ते जेफरसनपेक्षाही जास्त वर्षं राहिलं. १९२३ मध्ये पाच लाख डॉलरना घर सध्याच्या संस्थेकडे गेलं, आणि पुढची कित्येक दशकं लेव्हींचं नाव जवळजवळ निघेना. युरायाहची आई रेचेल तिथेच मलबेरी रोवर पुरलेली आहे. तिच्या कबरीपाशी घराण्याच्या कामाची दखल घेणारा फलक लागायला १९८५ उजाडलं. ज्याने घर वाचवलं त्यालाच गोष्टीतून काढणं, हे राजकारण नव्हतं?

आणि दक्षिणेच्या गच्चीखालची एक खोली घ्या. ती सॅली हेमिंग्जची असावी असं अभ्यासक मानतात. ही जेफरसनच्या बायकोची सावत्र बहीण, आणि त्याची गुलाम. चौदाव्या वर्षी पॅरिसला गेली, जिथल्या कायद्याने ती मोकळी होऊ शकली असती. परत आली, जेफरसनपासून तिला मुलं झाली. १९४१ मध्ये त्या जागेत पर्यटकांसाठी शौचालय बांधलं गेलं. इतक्या वर्षांत किती जण तिथे हात धुऊन वर घुमट बघायला गेले असतील. २०१८ मध्ये ती खोली लोकांसाठी उघडली तेव्हा ओरड झाली की इतिहास बदलला जातोय. शौचालय बांधलं तेव्हा कुणी ओरडलं नव्हतं.

दुसऱ्या तटाशीही भांडायचं आहे, नाहीतर लेख एकांगी व्हायचा. ज्यांचे पणजोबा-पणज्या अशा मळ्यांवर विकले गेले, त्यांना नॉटोवे जळताना समाधान वाटलं असेल तर मी कोण त्यांना शहाणपण शिकवणारा? तिथे लग्नं लावून, पांढऱ्या खांबांपुढे फोटो काढून, खालची माणसं पुसून टाकली जात होती, हेही खरं. लुइझियानातच व्हिटनी नावाचा मळा आहे, तो २०१४ पासून केवळ गुलामांच्या बाजूने दाखवला जातो. नॉटोवेनेही ती वाट धरली असती तर राग कमी झाला असता. पण ‘मालकाचं घर जळालं’ हे वाक्य मला अडतं. गुलामांच्या लाकडी खोल्या मलबेरी रोवर आज मूळ रूपात नाहीत. कुजल्या, पाडल्या गेल्या, पुरातत्त्ववाल्यांना मातीत बटणं आणि खापरं शोधावी लागतात. उरलं ते थोरलं घर. म्हणजे त्या माणसांच्या हातचं जे काही काम शाबूत राहिलं, त्याचा सगळ्यात मोठा साठा मालकाच्या घरातच आहे: विटांत, दारांच्या चौकटींत, छताखालच्या लाकडी नक्षीत. घर जाळून मालकाचं नाव जात नाही, त्याचा चेहरा नाण्यावर आहे. जातं ते जॉन हेमिंग्जचं काम.

१८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्ष झीज सोसली. पुण्यात बसून त्यांनी तिकडचा लढा आपल्या शूद्रातिशूद्रांच्या दास्याशी जोडला, आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा म्हणाले. त्याच वर्षी ओहायोतल्या एका वर्तमानपत्रात मॅडिसन हेमिंग्जने आपली हकीकत सांगितली: मी सॅलीचा मुलगा, माझा बाप थॉमस जेफरसन, चौदाव्या वर्षी मला सुतारकामाला लावलं, जॉन हेमिंग्जच्या हाताखाली. जॉन म्हणजे त्याच्या आईचा भाऊ. ही हकीकत सव्वाशे वर्षं बहुतेक इतिहासकारांनी खोटी ठरवली, कारण सांगणारा एक म्हातारा काळा सुतार होता. १९९८च्या डीएनए चाचणीत मॅडिसनच्या धाकट्या भावाच्या वंशजाची पुरुषवंशाची खूण जेफरसन घराण्याशी जुळली, आणि २००० मध्ये मॉन्टिचेलोच्या संस्थेने आपल्या अहवालात हे नातं मान्य केलं. जेफरसनचा मुलगा सुतार म्हणून त्याच घरात राबला. आता सांगा, ही गोष्ट स्थापत्याच्या फेरीत बसवायची की गुलामगिरीच्या?

मला विचाराल तर फेरी पुढच्या खांबांपासून सुरूच करू नये. प्रवेशदालनात दारावर जेफरसनने आखलेलं मोठं घड्याळ आहे. दोन्ही कोपऱ्यांत दोरांना तोफगोळ्यांसारखी वजनं लोंबतात, आठवडाभर हळूहळू खाली सरकतात, आणि उजव्या भिंतीवर वारांची नावं लावली आहेत. वजन ज्या नावापाशी आलं तो आजचा वार. घड्याळ दालनाच्या मानाने मोठं निघालं, भिंत पुरली नाही. मग त्याने जमिनीला भोक पाडलं. शनिवार बघायचा तर खाली तळघरात जावं लागतं. तिथूनच सुरुवात करावी: शनिवारपाशी उभं राहायचं, तो बोळ ओलांडायचा, अरुंद जिना चढायचा, फिरत्या दारामागे क्षणभर थांबायचं, मग जेवणघर, मग हिरवळ, आणि सगळ्यात शेवटी घुमट.

जेफरसन ४ जुलै १८२६ला एक लाख सात हजार डॉलरचं देणं मागे ठेवून गेला. १८२७च्या जानेवारीत त्याच डोंगरावर लिलाव झाला; जाहिरातीत १३० गुलाम होते. लोहार जो फॉसेट मृत्युपत्राने मुक्त व्हायचा होता, पण त्याची बायको ईडिथ आणि मुलं यादीत होती. अकरा वर्षांचा पीटर विकला गेला. पुढे तो सुटला, सिनसिनाटीत पाद्री झाला, आणि १९०० मध्ये, पंचाऐंशीच्या घरात असताना, ते घर पुन्हा एकदा बघायचं म्हणून मुद्दाम मॉन्टिचेलोला आला. त्याला कुठल्या फेरीचं तिकीट द्यायचं?